वाढत्या स्टार्टअपमध्ये डेव्हलपर म्हणून जायचंय? आधी नेमकं काय वाढतंय ते बघा

‘आमची कंपनी जोरात वाढतेय’ असं रिक्रूटर म्हणाला की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: काय वाढतंय? वापरणारे, माणसं, की बँकेतला पैसा? तिन्ही एकाच वेळी वाढतंय असं क्वचित दिसतं. आणि यातलं आधी काय वाढतंय त्यावर तुमचा तिथला दिवस कसा जाणार हे अवलंबून असतं.

वापरणारे वाढतायत पण माणसं तेवढीच, तर नवीन कोड कमी आणि धावपळ जास्त. पण शिकायला मिळतं ते इथेच. माणसं वाढतायत पण वापरणारे जागेवर, तर मीटिंगा वाढतात, टीमची नावं दर तिमाहीला बदलतात आणि एकच फीचर तीन जण आपापल्या परीने बांधत बसतात. नुकताच पैसा आलाय आणि बाकी सगळं व्हायचंय, तर पहिले सहा महिने मजेत जातात. पुढचे सहा महिने, गुंतवणूकदारांना दाखवलेले आकडे गाठायचे कसे या चिंतेत.

मी मोठ्या कंपनीतून स्टार्टअपमध्ये आले आणि आता मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसते. समोरचे उमेदवार पगार, टेक स्टॅक आणि ‘रिमोट आहे का’ एवढं विचारून गप्प बसतात. खरी माहिती त्यापुढच्या प्रश्नांत असते. ते प्रश्न कोणते ते सांगतेच. पण आधी फायद्या-तोट्यांचं माझं मत.

पदरात काय पडतं

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तुमच्या आणि वापरणाऱ्याच्या मध्ये कोणी नसतं. सकाळी सपोर्टची मुलगी चॅटवर लिहिते की काही ग्राहकांना इनव्हॉइस डाउनलोड होत नाहीये. तुम्ही लॉग उघडता. बघता तर ज्यांच्या आडनावात अपॉस्ट्रॉफी आहे त्यांचीच पीडीएफ तयार होताना कोलमडतेय. चार ओळींचा बदल, एक टेस्ट, दुपारी प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टीमवर), आणि संध्याकाळच्या आत त्याच ग्राहकाचं ‘झालं, धन्यवाद’. मोठ्या कंपनीत हाच बग तिकीट म्हणून तुमच्यापर्यंत येतो तेव्हा ग्राहक कोण, त्याचं काय अडलं होतं, याचा पत्ताही नसतो. कोड कशासाठी लिहायचा याची समज या सरळ संपर्कातून येते, आणि ती पुढे कुठेही गेलात तरी कामाला येते.

दुसरा फायदा वाढीमुळेच मिळतो. पुस्तकात वाचलेले स्केलचे, म्हणजे वापर खूप वाढल्यावरचे, प्रश्न तुमच्या डोळ्यांसमोर, खऱ्या डेटावर उभे राहतात. पोस्टग्रेस या डेटाबेसचंच घ्या. एका वेळी किती कनेक्शन घ्यायची याची मूळ मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. अ‍ॅपच्या प्रत्येक सर्व्हरचा पूल (आधीच उघडून ठेवलेली कनेक्शन) २०चा असेल तर चार सर्व्हरपर्यंत सगळं सुरळीत चालतं. गर्दी वाढली म्हणून कोणीतरी पाचवा सर्व्हर लावतं आणि साइट आणखी हळू व्हायच्या ऐवजी सरळ आडवी होते. सर्व्हर वाढवल्यावर साइट पडते हे एकदा पाहिलं की कनेक्शन पूलिंग कोणी शिकवावं लागत नाही.

किंवा प्रायमरी कीचा, म्हणजे टेबलातल्या प्रत्येक ओळीच्या ओळख-क्रमांकाचा, टाइप. सुरुवातीला कोणीतरी साधा इंटीजर ठेवलेला असतो, त्याची कमाल किंमत २,१४,७४,८३,६४७. एवढ्या ओळी कधी होणार, असं वाटतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये बेसकॅम्प या प्रोजेक्ट सांभाळायच्या सॉफ्टवेअरच्या एका टेबलाने हा आकडा गाठला आणि जवळपास पाच तास त्यांचं प्रॉडक्ट फक्त वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. अनुभवी लोकांच्या कंपनीत हे झालं. असे प्रश्न वापरणारे वाढल्याशिवाय भेटत नाहीत, आणि अतिप्रचंड कंपनीत ते तुमच्या हाती लागत नाहीत, त्यासाठी वेगळी टीम असते. मधल्या टप्प्यावरच ते तुमच्या टेबलावर येतात.

बढती लवकर मिळते, हाही फायदा म्हणून सांगितला जातो. मिळते खरी, पण तिचं वजन बाहेर कमी असतं. सहा जणांच्या टीममधला ‘हेड ऑफ इंजिनिअरिंग’ दुसरीकडे मुलाखतीला गेला की त्याला सीनिअर डेव्हलपर म्हणूनच तोलतात. पदाच्या नावापायी पगारात तडजोड करू नका.

आणि काय सोसावं लागतं

कोडबेस. एका टेबलात स्टेटस नावाचा कॉलम होता. त्यात ‘पेंडिंग’ तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने, एकदा शेवटी स्पेस देऊन, आणि शिवाय ‘४’ असा नुसता आकडा. ४ म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नाही. कोडमध्ये वर कॉमेंट: ‘तात्पुरतं, नंतर काढू’. लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला. असला कोड सापडला म्हणून आधीच्या माणसांना नावं ठेवू नका. त्यांनी ते तसं लिहिलं म्हणून कंपनी जगली आणि तुम्हाला नोकरी मिळाली. पण रोज त्यातून वाट काढायची तयारी हवी. स्वच्छ, नीट मांडलेल्या कोडशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी इथे येऊन स्वतःला त्रास करून घेऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगते.

शिकवणारं कोणी नसणं, हा नवख्यांसाठी सगळ्यात मोठा तोटा. मोकळेपणा खूप मिळतो, पण तुमचा कोड वाचून ‘हे असं का केलंस?’ विचारायला कोणाला वेळ नसतो. पुल रिक्वेस्ट (कोड तपासून सामील करून घ्यायची विनंती) टाकली की दोन मिनिटांत अंगठा येतो. दोन मिनिटांत चारशे ओळी कोणी वाचत नाही. दोन वर्षांनी अनुभव गाठीशी असतो, पण चुकीच्या सवयीही पक्क्या झालेल्या असतात. पहिलीच नोकरी असेल तर टीममध्ये तुमच्यापेक्षा बराच अनुभव असलेला, रोज कोड लिहिणारा निदान एक माणूस हवाच. तो नसेल तर बाकी कितीही चांगलं असलं तरी माझा सल्ला नकाराचा.

ऑन-कॉलचं, म्हणजे अवेळी काही बिघडलं तर फोन घ्यायच्या पाळीचं, कोणी नीट सांगत नाही. ‘सगळे मिळून बघतो’ या उत्तराचा अर्थ, जो जागा असेल तो बघतो, आणि जागा नेहमी एकच असतो. थोडं गणित करा: आठवड्याची पाळी आणि माणसं पाच, तर दर पाचव्या आठवड्यात फोन उशाशी. माणसं दोन, तर एकाआड एक आठवडा. एकाच ठिकाणाहून चोवीस तासांची पाळी नीट चालवायची तर किमान आठ माणसं हवीत, असं गूगलच्या साइट रिलायबिलिटी टीमने लिहून ठेवलंय. वाढत्या स्टार्टअपमध्ये आठ माणसं मिळणार नाहीत हे मान्य. पण विक्रीवाल्यांनी ग्राहकाला ९९.९ टक्के अपटाइम कबूल केला असेल, तर महिन्याला जेमतेम ४३ मिनिटं बंद राहायची मुभा आहे, आणि ती मिनिटं तुमच्या झोपेतून वसूल होणार आहेत. घरी लहान मूल, आजारी माणूस, कसलीही जबाबदारी असेल तर हा मुद्दा पगाराइतकाच महत्त्वाचा धरा.

आणखी एक गोष्ट जुन्या लोकांच्या जिव्हारी लागते. कंपनी मोठी झाली की बाहेरून व्यवस्थापक येतात आणि तुमच्या डोक्यावर बसतात. ज्याने पहिली ओळ लिहिली त्याला अचानक दर आठवड्याला स्टेटस द्यावा लागतो. यात अन्याय असतोच असं नाही. पाच माणसांत बोलायच्या जोड्या १०, दहा माणसांत ४५, वीस माणसांत १९०. पाच जणांत जे बोलता बोलता ठरायचं ते वीस जणांत कोणीतरी बसून ठरवावं लागतं. फक्त तो ‘कोणीतरी’ तुम्हीच असाल, असं गृहीत धरू नका. व्हायचं असेल तर माणसं वीस व्हायच्या आधी तसं स्पष्ट बोलून ठेवा.

मुलाखतीत विचारायचे प्रश्न

‘तुमचं कल्चर कसं आहे?’ विचारू नका. त्याचं उत्तर वेबसाइटवर पाठ करून ठेवलेलं असतं. घडलेल्या गोष्टीबद्दल विचारा.

माझा आवडता प्रश्न: प्रॉडक्शन शेवटचं कधी पडलं, आणि त्यानंतर काय केलं? एका ठिकाणी हे विचारल्यावर समोरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. मग त्यातल्या एकाने स्क्रीन शेअर करून एक डॉक्युमेंट उघडलं. मिनिटामिनिटाची नोंद, कोणी काय करून पाहिलं, काय चुकलं, शेवटी पुढच्या कामांची यादी आणि तीतल्या निम्म्यावर बरोबरची खूण. निम्म्यावरच. पूर्ण यादीवर खुणा असत्या तर माझा विश्वास बसला नसता. दुसऱ्या एका ठिकाणी उत्तर आलं, ‘आमचं सहसा पडत नाही.’ तिथे मी गेले नाही.

त्याला जोडून: बॅकअप घेता का, असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. शेवटचा बॅकअप रिस्टोर करून कधी पाहिला, असं विचारा. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर, म्हणजे मुख्य डेटाबेसवर, डेटाची डिरेक्टरी उडवली. बॅकअपच्या वाटा पाच होत्या, पण ऐन वेळी एकही धड कामी आली नाही. पोस्टग्रेस ९.६ आणि बॅकअपची कमांड ९.२ची, त्यामुळे बॅकअप गुपचूप अपयशी होत होते, आणि त्याच्या सूचना देणारे ईमेल वाटेतच अडवले जात होते. सुमारे सहा तास आधी कोणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (डेटाची प्रत) होता म्हणून त्या सहा तासांतला सोडून बाकीचा डेटा वाचला. मला यात आवडतं ते त्यानंतरचं: डेटा परत आणायचं काम त्यांनी लाइव्ह दाखवलं, सगळं लिहून जाहीर केलं, आणि त्या माणसाचा बळी दिला नाही. तुम्ही जिथे जाताय तिथे असं झालं तर काय होईल याचा अंदाज मुलाखतीतच घ्या, कारण तो इंजिनिअर उद्या तुम्ही असू शकता.

रनवे, म्हणजे हातातला पैसा किती महिने पुरेल, हे बेधडक विचारा. बँकेतली शिल्लक भागिले दर महिन्याचा निव्वळ खर्च, इतकं सोपं गणित आहे. नेमका आकडा सांगायला फाउंडर कचरला तरी ‘दीड वर्षाहून जास्त’ किंवा ‘गुंतवणुकीचा पुढचा राउंड चालू आहे’ एवढं सांगायला हरकत नसावी. चिडला, तर उत्तर मिळालंच. नवा राउंड उभा करायला सहा-आठ महिने सहज जातात, त्यामुळे वर्षाहून कमी रनवे असेल तर तुम्ही रुजू व्हाल तेव्हा फाउंडरचं लक्ष प्रॉडक्टवर नसेल.

आणि सोडून गेलेल्या एखाद्या डेव्हलपरशी बोला. शोधायला फार वेळ लागत नाही. दहा मिनिटांच्या फोनवर जे कळतं ते चार राउंडच्या मुलाखतीत कळत नाही.

शेअरच्या आमिषाचं गणित

२०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप १,९०० कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं तेव्हा तिथे ५५ च्या आसपास माणसं होती. ही गोष्ट ऐकवून उमेदवाराला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही खाली राहून कागद-पेन घ्या.

समजा तुम्हाला १०,००० ऑप्शन, म्हणजे आज ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घ्यायचे हक्क, देऊ केले. आकडा भारदस्त वाटतो. पण एकूण शेअर किती, हे विचारल्याशिवाय तो निरर्थक आहे. सगळे ऑप्शन धरून एकूण १ कोटी असतील तर तुमचा वाटा ०.१ टक्का. पुढे दोन राउंड झाले आणि प्रत्येकात २० टक्के नवे शेअर गुंतवणूकदारांना गेले, तर ०.१ चे ०.०८ आणि मग ०.०६४ होतात. आता कंपनी ५ कोटींना विकली गेली, चलन कुठलंही धरा. तुमच्या डोक्यात ५ कोटींचे ०.१ टक्का म्हणजे ५०,००० असतात. प्रत्यक्षात आधीचे-नंतरचे मिळून गुंतवणूकदारांनी ३ कोटी घातलेत, त्यांचा वाटा ४० टक्के, आणि करारात लिहिलंय की एकतर घातलेले पैसे आधी उचला किंवा वाट्याप्रमाणे घ्या. ४० टक्क्यांचे २ कोटीच होतात, म्हणून ते ३ कोटी उचलतात. उरले २ कोटी, ते बाकीच्या ६० टक्केवाल्यांत वाटायचे. तुमच्या हिश्श्याला येतात सुमारे २१,३००. स्ट्राइक प्राइस (ती आधी ठरलेली किंमत) शेअरमागे १ असेल तर त्यातून १०,००० वजा. राहिले ११,३००, आणि त्यावर तुमच्या देशाचा कर.

कंपनी दहापट किमतीला गेली तर चित्र पालटतं, नाही असं नाही. पण ऑफर स्वीकारताना हा वाटा शून्य धरा आणि नुसत्या पगारावर ती परवडते का ते बघा.

विचारायचं ते लेखी विचारा: एकूण शेअर किती, स्ट्राइक प्राइस किती, व्हेस्टिंग कसं, म्हणजे ऑप्शन कधी आणि किती तुमचे होतात. चार वर्षं आणि पहिल्या वर्षाचा क्लिफ ही नेहमीची पद्धत. म्हणजे अकराव्या महिन्यात बाहेर पडलात तर हाती काहीच नाही. नोकरी सोडल्यावर ऑप्शन विकत घ्यायला किती मुदत, हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारत नाही. बऱ्याच ठिकाणी ती फक्त ९० दिवस असते. तेवढ्यात स्वतःच्या खिशातून पैसे भरायचे, तेही बाजारात विकता न येणाऱ्या शेअरसाठी, नाहीतर सगळे ऑप्शन रद्द. काही कंपन्या ही मुदत काही वर्षांची देतात. रुजू होण्यापूर्वी मागायला काहीच जात नाही.

रुजू झाल्यावर

पहिल्या आठवड्यात काहीतरी लहानसं प्रॉडक्शनवर न्या. एरर मेसेजमधलं चुकीचं वाक्य दुरुस्त केलं तरी चालेल. डिप्लॉयची सगळी वाट त्यात कळते, आणि कुठे काय अडतं तेही. अडेल ते लगेच लिहून ठेवा. महिनाभराने तुम्हालाही ते अडणं सवयीचं होतं आणि पुढच्या नवख्याला कोणी सांगत नाही.

सगळं नव्याने लिहून काढायची ऊर्मी पहिल्या तिमाहीत दाबून धरा. ज्या फाइलला हात लावाल ती थोडी बरी करून सोडा, तिला एक टेस्ट जोडा, बस. मोठ्या टेबलावर इंडेक्स (शोध जलद व्हावा म्हणूनची सूची) लावायचा असेल तर पोस्टग्रेसमध्ये ‘कॉन्करंटली’ लिहायला विसरू नका, नाहीतर इंडेक्स तयार होईपर्यंत त्या टेबलात कोणालाच लिहिता येत नाही.

प्राधान्यक्रम दर पंधरवड्याला बदलणार, त्याला इलाज नाही. तोंडी वाद घालत बसू नका. एक साधी पद्धत माझ्या कामाला येते. नवं तातडीचं काम आलं की ज्याने दिलं त्यालाच चॅटवर लिहायचं: ‘हे आज घेते. त्यामुळे पेमेंटचं रिट्राय पुढच्या आठवड्यात जाईल. चालेल ना?’ निम्म्या वेळा तातडी तिथेच ओसरते. उरलेल्या वेळा पुढच्या आठवड्यात ‘रिट्राय का झालं नाही?’ असं कोणी विचारत नाही.

एखादा भाग फक्त तुम्हालाच कळतो, ही स्थिती सुरुवातीला गोड वाटते. पण सुट्टीवर गेलात तरी फोन तुम्हालाच येतो, आणि नवं रंजक काम दुसऱ्याला मिळतं, कारण तुम्हाला जुन्यातून सोडवता येत नाही. प्रत्येक भागाचं रनबुक (काय कसं करायचं याच्या पायऱ्या) लिहा आणि ते दुसऱ्याकडून, तुम्ही न बोलता, करून घेऊन पाहा. जिथे तो थांबेल तिथे तुमच्या लिखाणात भोक आहे.

निघायची वेळ

पगार एकदा जरी उशिरा झाला आणि कारण आधी सांगितलं गेलं नाही, तर शोध सुरू करा. त्याआधीची लक्षणं डेव्हलपरला इतरांपेक्षा लवकर दिसतात: एखाद्या बाहेरच्या सेवेची एपीआय की पैसे न भरल्यामुळे बंद पडते, क्लाउडचं बिल कमी करायचं काम अचानक सगळ्यात वर येतं, मंजूर झालेली भरती गुपचूप थांबते, आर्थिक बाजू सांभाळणारा माणूस राजीनामा देतो. यातलं एखादं सुटं घडलं तर दुर्लक्ष करा. दोन-तीन एकाच महिन्यात जुळून आले तर नाही.

कंपनी उत्तम चाललीय पण तुमचं शिकणं थांबलंय, असंही होतं, आणि माझ्या मते निघायचं हे जास्त चांगलं कारण आहे. फक्त तारीख कॅलेंडर बघून ठरवा. पहिल्या वर्षाचा क्लिफ दोन आठवड्यांवर असताना रागाच्या भरात राजीनामा टाकू नका. ऑप्शनच्या मुदतीचे दिवस कधीपासून मोजणार हे एचआरकडून लेखी घ्या. आणि ऑप्शनच्या पोर्टलचा लॉगिन कंपनीच्या ईमेलवर असेल तर लॅपटॉप परत करण्याआधी तो स्वतःच्या ईमेलवर बदलून घ्या. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो ईमेल बंद होतो, आणि मग पासवर्ड रीसेट करायची लिंक कुठे येणार?